ओखा स्थानक: द्वारकेच्या पुढे रूळ कशासाठी नेले?

रावपुरेकर:
आईला घेऊन बडोद्याहून सौराष्ट्र मेलने द्वारकेला जायचे ठरले आहे. तिकीट ओख्यापर्यंतचे काढावे की द्वारकेलाच उतरावे, एवढीच शंका होती. पण बहुतेक यात्रेकरू द्वारकेला उतरत असतील, तर पुढे सुमारे तीस किलोमीटर रूळ नेऊन समुद्राकाठी शेवटचे स्थानक कशासाठी बांधले असावे? आमचे आजोबा ओख्याला ‘आपलं बंदर’ म्हणत. आम्ही ती बढाई समजत होतो.

मीटरगेजप्रेमी:
आजोबांचे बरोबर होते. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा परिसर, हा बडोदा संस्थानाचाच, पण राजधानीपासून पार तुटलेला मुलूख होता. द्वारका उघड्या समुद्रावर आहे, तर ओख्यासमोर बेट द्वारका या बेटाचा आडोसा असल्यामुळे गलबतांना तेथे शांत पाणी मिळते. म्हणून तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बंदर ओख्याला झाले आणि ते १९२६ मध्ये खुले झाले. बंदराचा माल हलवायचा, तर रूळ तिथवर हवेतच. मौज अशी, की हे रूळ मीटरगेज (एक मीटर अंतराचे) आणि बडोद्याची मुख्य लाईन ब्रॉडगेज (त्याहून रुंद), एकीवरची गाडी दुसरीवर चालत नसे, त्यामुळे आपल्याच बंदरावरचा माल आपल्याच राजधानीत आणताना वाटेत विरमगामला पोती एका वाघिणीतून (मालडब्यातून) काढून दुसरीत भरावी लागत. माणसेही तेथेच गाडी बदलत. पुढे १९८० च्या दशकात ही लाईन ब्रॉडगेज झाली.

सुलतानपुरा:
प्रवासापुरते सांगतो. आईंना बेट द्वारकेलाही न्यायचे असेल, तर दोन्ही गोष्टी जमतात: आधी द्वारकेला मुक्काम करावा आणि बेटाला रस्त्याने जावे. पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून फेरी बोटीत बसण्याला पर्याय नव्हता आणि भरतीच्या वेळी वयस्कर माणसांना हलत्या बोटीत पाय टाकताना धडकी भरे. फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतूमुळे मोटार थेट बेटावर जाते. माझ्या मते मात्र एकदा तरी ओख्यापर्यंत रेल्वेने जावेच. मिठापूरच्या आसपास खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसतात आणि डबा जवळजवळ रिकामा झालेला असतो.

रावपुरेकर:
आभारी आहे. जाताना द्वारकेला उतरतो आणि परतीचे आरक्षण ओख्याहून करतो. आजोबांविषयीचे आपले उत्तर आईला वाचून दाखवले. विरमगामला मध्यरात्री वळकट्या उचलून गाडी बदलल्याचे तिला आठवते.