मंडळ आकसत गेले तशी बंधने का वाढत गेली?

प्रश्न : नदीकाठ

माझे बालपण आणि तारुण्याची पहिली वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, एका गुरूंभोवती जमलेल्या उपासक मंडळात गेली. मंडळाचे नाव येथे देत नाही, कारण माझी आई अजून तेथे आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नसून जे घडले ते समजून घ्यायचे आहे.

गुरू हयात होते तेव्हा गुरुपौर्णिमेला सभामंडपात दोन-अडीचशे माणसे असत. कांदा-लसूण वर्ज्य, गुरुवारचा उपवास, पहाटेची उपासना असे नियम तेव्हाही होते, परंतु ते कोण किती पाळतो हे कोणी तपासत नसे. गुरूंच्या निधनानंतर उत्तराधिकारावरून दोन तट पडले, मोठा तट निघून गेला आणि आमचे घर लहान तटात राहिले. त्यानंतर हजेरीची वही आली. बाहेर शिजवलेले अन्न बंद झाले, त्यामुळे आत्याच्या घरी दिवाळीलाही आम्ही डबा घेऊन जाऊ लागलो आणि पुढे जाणेच थांबले. दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या आणि घरातील इतरांच्या चुका एका वहीत लिहून द्याव्यात आणि त्या सर्वांसमोर वाचल्या जाव्यात, असा प्रघात पडला. शिक्षण, नोकरी, सोयरीक या सर्वांसाठी प्रमुखांची परवानगी लागू लागली. मी परवानगीवाचून लग्न केले. वडील लग्नाला आले म्हणून त्यांना उपासनेला बसण्यास मनाई झाली, आणि काही वर्षांनी ते गेले तेव्हा ज्यांच्याबरोबर त्यांनी उभे आयुष्य भजन केले त्यांपैकी एकही माणूस खांदा द्यायला आला नाही. आता मंडळात चाळीसच्या आसपास माणसे उरली आहेत, आणि त्यांतली बहुतेक साठीच्या पुढची आहेत.

मला पडलेले प्रश्न असे. माणसे कमी होत असताना नियम सैल व्हायला हवे होते, ते उलट अधिक कडक का झाले? तेथे मला ज्ञानेश्वरी वाचायला शिकवली गेली, पखवाज शिकवला गेला, आजारपणात शेजारच्या घरांतून जेवण आले; हे सारे आता खोटे मानायचे काय? आणि आईशी संबंध कसा ठेवावा? ती फोन घेते, परंतु माझ्या घरी पाणीही पीत नाही.

उत्तर : पासाडेनावासी

आपल्या पहिल्या प्रश्नावर मी बरीच वर्षे विचार करीत आलो आहे. कॅलिफोर्नियातील ज्या पासाडेना शहरात मी राहतो, तेथे वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड या पंथाचे मुख्यालय होते आणि त्या पंथात वाढलेले दोन सहकारी मला लाभले. हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी 1930च्या दशकात रेडिओवरील प्रवचनांतून हा पंथ उभा केला. शनिवारी काम बंद, डुकराचे मांस वर्ज्य, नाताळ आणि वाढदिवस साजरे करण्यास मनाई, उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला, दुसरा दहावा भाग वार्षिक सणांच्या खर्चासाठी आणि ठरावीक वर्षी तिसरा दहावा भाग गरजूंसाठी, अशी त्याची शिस्त होती. आर्मस्ट्राँग 1986 मध्ये वारले. त्यांचे उत्तराधिकारी जोसेफ टकॅच यांनी जुन्या शिकवणीची फेरतपासणी सुरू केली आणि डिसेंबर 1994 मध्ये, हे नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाहीत, असे स्वतःच जाहीर केले.

मला वाटले असते की लोक सुटकेचा श्वास टाकतील. काहींनी टाकलाही. परंतु हजारो माणसे जुने नियम जपण्यासाठी बाहेर पडली. 1995 मध्ये युनायटेड चर्च ऑफ गॉड स्थापन झाले, आणि त्याआधी व नंतर असे इतर अनेक गट निघाले. देणग्या आटल्या, पंथाचे महाविद्यालय 1997 मध्ये बंद पडले आणि 2009 मध्ये पंथाने आपले नावही बदलले. ज्याने वीस वर्षे दहावा भाग दिला, मुलांचे वाढदिवस केले नाहीत, शनिवारी काम नाकारून नोकऱ्या गमावल्या, त्याला ‘हे आवश्यक नव्हते’ हे वाक्य ऐकणे किती कठीण जात असेल, हे माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांकडे पाहून मला कळले. ते अखेरपर्यंत एका लहान, अधिक कडक गटात राहिले.

यातून तुमच्या मंडळाविषयी मला असे म्हणावेसे वाटते. गट फुटतो तेव्हा प्रथम ती माणसे जातात ज्यांना बाहेर जाण्यासारखे काही असते: नातेवाईक, नोकरी, दुसरे गाव. मागे राहतात ते सर्वांत जास्त दिलेले. अडीचशेंतून एक घर गेले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. चाळिसांतून एक घर गेले तर स्वयंपाक करणारी बाई जाते, भजनाचा आवाज जातो, सभामंडपाच्या खर्चातला वाटा जातो. म्हणून प्रत्येक माणूस धरून ठेवण्याची निकड वाढते. अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स इयानकोन यांनी 1994 मध्ये मांडले की कडक नियमांमुळे अर्धवट मनाची माणसे गाळली जातात आणि उरलेल्यांची गटातील गुंतवणूक वाढते. ते खरे आहे, परंतु मला त्यात तुमच्या आत्याच्या घरची दिवाळी अधिक महत्त्वाची दिसते. बाहेरचे अन्न बंद झाले की बाहेरची माणसे बंद होतात, आणि मग गटाशिवाय दुसरीकडे जायला जागाच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. 1954 मध्ये शिकागोजवळच्या एका लहान गटाने 21 डिसेंबरला महापूर येऊन जग बुडेल असे भाकीत केले होते आणि मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांचे सहकारी त्या गटात राहून निरीक्षण करीत होते. पूर आला नाही. फेस्टिंगर यांच्या नोंदीप्रमाणे, जे लोक त्या रात्री एकत्र बसले होते, त्यांपैकी बहुतेकांची श्रद्धा टिकली, किंबहुना त्यांनी अधिक जोमाने प्रचार सुरू केला. जे आपापल्या घरी एकटे वाट पाहत होते, त्यांची श्रद्धा बहुतांशी ओसरली. तुमच्या आईला मंडळाबाहेर एखादी संध्याकाळ मिळणे किती मोलाचे आहे, ते यावरून दिसते.

उत्तर : मुंबईतील एक वकील

वडिलांच्या अंत्ययात्रेविषयी वाचून वाईट वाटले. हा विषय आपल्या राज्यात जुना आहे, म्हणून थोडी माहिती देते.

मुंबई प्रांताने 1949 मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदवून कायदा वैध मानला. मला आजही ते अल्पमत अधिक न्याय्य वाटते, कारण बहिष्काराने माणसाचे नागरी जीवनच संपते, हे त्यात नेमके ओळखलेले आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान बोहरा समाजातील सुधारकांनी, विशेषतः असगर अली इंजिनियर यांनी, या बहिष्काराची झळ अनेक दशके सोसली.

महाराष्ट्रात जातपंचायतींच्या छळाविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जी मोहीम चालवली, तिच्या पार्श्वभूमीवर विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि तो जुलै 2017 पासून लागू आहे. लग्न, अंत्यविधी, पूजास्थान, सामाजिक व्यवहार यांपासून कोणाला अडवणे किंवा तसे करण्यास इतरांना भाग पाडणे हा त्यात गुन्हा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. एखाद्या माणसाने स्वतःच्या मनाने अंत्ययात्रेला न येणे हा गुन्हा नव्हे. ‘कोणीही जाऊ नये’ असा हुकूम निघाला असेल तर प्रश्न उभा राहतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची न्यायालयाने दखल घेण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर : माळकरी

ताई, तुमचा दुसरा प्रश्न कोणी हाताळला नाही म्हणून लिहितो. माझे वय सत्तरीचे आहे, घरात चार पिढ्यांची वारी आहे, आणि तरुणपणी काही वर्षे मीही एका बुवांच्या कडक मंडळात होतो.

ज्ञानेश्वरी तुम्हाला त्या मंडळाने शिकवली, परंतु ती त्या मंडळाची नाही. ती सातशे वर्षांहून अधिक काळ सर्वांची आहे. पखवाजही तसाच. वारकरी संप्रदायातही शिस्त आहे. फडाचे, म्हणजे वारकऱ्यांच्या गटाचे, नियम असतात, दिंडीतला क्रम असतो, माळ घातल्यावर मद्य-मांस सोडावे लागते आणि एकादशी धरावी लागते. पण माझ्या घरात काय शिजले याचा हिशेब दिंडीचे विणेकरी मागत नाहीत, आणि एखाद्या वर्षी वारी चुकली तर पुढच्या वर्षी कोणी तोंड फिरवत नाही. ज्या ठिकाणी परत येण्याची वाट उघडी असते तेथील शिस्त माणसाला जड होत नाही. तुमच्या मंडळात गुरूंच्या काळी ती वाट उघडी होती असे तुमच्याच लिहिण्यावरून दिसते. मग त्या काळातले जेवण, ते भजन खोटे कशाला मानता? ज्या बायकांनी तुमच्या आजारपणात डबा आणला, त्यांची माया खरी होती. पुढे त्यांच्या भीतीने त्या मायेवर मात केली, एवढेच.

मंडळ सोडल्यावर मी तीन-चार वर्षे अभंगही म्हणू शकलो नाही. गळा दाटून येई. मग आळंदीला एका अनोळखी दिंडीत मागे उभा राहून टाळ धरला आणि हळूहळू ते सुटले. तुम्ही पखवाज दुसरीकडे कोठेतरी वाजवून पाहा. गावातच नको, जेथे तुम्हाला कोणी ओळखत नाही तेथे.

आईविषयी: तिला वाद घालून बाहेर काढता येणार नाही. तिच्यासमोर मंडळाला नावे ठेवू नका, कारण ती नावे दर आठवड्याला त्या वहीत जातील, आणि न लिहिल्याचे ओझे तिच्याच मनावर राहील. मंडळाशी संबंध नसलेल्या गोष्टी बोला. माहेरची माणसे, तुमच्या लहानपणीच्या खोड्या, पाऊसपाणी, गुडघेदुखी.

उत्तर : एक सेवेकरी

मी एका लहान उपासक गटात आजही आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माणसे कमी झाली म्हणजे गट जाचक होतोच असे नाही. अमेरिकेतील शेकर या ख्रिस्ती पंथाने ब्रह्मचर्य सक्तीचे केल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील हजारोंवरून तो मेन राज्यातील सॅबथडे लेक येथील मोजक्या माणसांपर्यंत आला, पण त्यांची ख्याती आजही आतिथ्य, शेती आणि हस्तव्यवसायासाठी आहे. आमच्या गटातून माझी स्वतःची मुले बाहेर पडली. ती दिवाळीला येतात आणि आम्ही एका पंगतीत जेवतो. जाणाऱ्याशी कसे वागायचे हे संख्या ठरवत नाही, प्रमुख ठरवतात, आणि त्यांचे ऐकणारे आपण ठरवतो. ताईंच्या मंडळातील माणसांना ही जबाबदारी झटकता येणार नाही.

नदीकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘मागे राहतात ते सर्वांत जास्त दिलेले’ हे वाचून आईकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तिने तर त्या मंडळासाठी नवऱ्याच्या शेवटच्या वर्षांतली सोबतही दिली, आता ती ते सारे व्यर्थ होते असे कशी म्हणेल? मुंबईच्या वकीलताईंना एक विचारते. तक्रार करण्याची माझी इच्छा नाही. परंतु राहते घर, जे वडिलांनी आईच्या नावावर घेतले होते, ते मंडळाला द्यावे असे तिला सुचवले जात असल्याचे शेजाऱ्यांकडून कळले आहे. मला त्या घराचा लोभ नाही, पण घर गेल्यावर तिचे काय होईल याची चिंता वाटते.

मुंबईतील एक वकील

घर आईच्या नावावर असेल आणि त्यांनी ते स्वखुशीने द्यायचे ठरवले, तर त्यांना अडवता येणार नाही, हे प्रथम मान्य करावे लागेल. मात्र धार्मिक मार्गदर्शक आपल्या वर्चस्वाचा वापर करून शिष्याकडून मालमत्ता लिहून घेत असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 चे अवाजवी दबावाविषयीचे कलम 16 लागू होऊ शकते. गुरूने परलोकीच्या कल्याणाचे सांगून शिष्याची सारी मालमत्ता दानपत्राने घेतल्याचे प्रकरण 1890 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आले होते आणि ते दान अवाजवी दबावाखाली झाल्याचे मानले गेले; आजही विद्यार्थ्यांना ते शिकवले जाते.

व्यवहारात आपण पुढीलप्रमाणे करावे. आईंना देऊ नका असे सांगू नये. द्यायचेच असेल तर बक्षीसपत्रात ‘दात्रीने हयात असेपर्यंत त्याच घरात राहावे आणि तिचा सांभाळ मंडळाने करावा’ अशी स्पष्ट अट असावी, एवढेच सुचवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन तो सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते, आणि ती अट लेखी असली की आईंचे काम पुष्कळ सोपे होते. दस्त नोंदवण्यापूर्वी त्यांनी मंडळाशी संबंध नसलेल्या वकिलाला एकदा एकट्याने भेटावे. ही सूचना तुमच्याऐवजी आत्यांकडून गेली तर बरे, कारण तुमच्याकडून आलेला शब्द त्यांना त्या वहीत लिहावा लागेल.