चार दारांच्या फियाटची दोन दारांची कूपे करायचीय

डिचोलीकर: फोंड्याजवळ शेडमध्ये पडून असलेली १९७१ ची फियाट ११०० डी घेतलीय, इंजिन चालतंय पण मागचे दोन्ही दरवाजे खालून सडलेत आणि सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) बोटाने तुटतेय, म्हणून वाटतंय मागची दारं बंद करून पुढची लांब करावी. छप्परही दोन इंच खाली घ्यायचंय. कोणी केलंय का?

पत्राकाम: छप्पराचं सध्या सोड रे, काचा बसवताना जीव जाईल. आधी सिल. ही गाडी मोनोकॉक, वेगळी चॅसिस नाहीच, सगळा भार सिल, फ्लोअर आणि पिलरवर. सडक्या सिलवर बी पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) कापलास तर बॉडी मधेच बसणार आणि दारं कधीच नीट लागणार नाहीत. आतून चौकोनी पाईपचे आडवेतिडवे आधार वेल्ड कर, सिल नवी घाल, मगच पिलर मागे ने. लांब दार जड होतं, बिजागऱ्यांजवळ पत्रा जाड हवा. वेल्डिंग सीओटू (गॅसवालं) मशीननेच, टाके मारत मारत, सलग ओढलंस की पत्र्याला लाटा येतात.

मडगावकर: कागदांचं बघा आधी. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण बॉडी शेल (पत्र्याचा सांगाडा) मूळ हवं, कापलंत की ती गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांबद्दलचं, आहेच, रस्त्यावर चालवायची असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. मी तर म्हणेन चार दारांचीच नीट उभी करा, अशा गाड्या आता उरल्यात किती!

डिचोलीकर: व्हिंटेजचं माहीत नव्हतं, थँक्स. सिल तर दोन्हीकडे लागणारच, तेवढं पावसाआधी उरकतो.