लोइस स्मिथ : मधली वर्षं वाया गेली नाहीत
'ईस्ट ऑफ ईडन' (१९५५) या चित्रपटानंतर अमेरिकन अभिनेत्री लोइस स्मिथ थेट 'ट्विस्टर' या चित्रपटातच दिसली, मधली चाळीस वर्षं वाया गेली, असं कुणीतरी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. 'फाइव्ह ईझी पीसेस' हा चित्रपट सोडला तरी ती सतत रंगभूमीवर होती. शिकागोच्या स्टेपनवुल्फ नाट्यकंपनीच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मधल्या मा जोड या भूमिकेसाठी १९९०चं टोनी (अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार) नामांकन, आणि 'ट्विस्टर' आला त्याच १९९६ साली 'बरीड चाइल्ड' या नाटकासाठी दुसरं!

पुरस्कार मिळाला तो मात्र २०२१ मध्ये, वय ९० असताना, 'द इनहेरिटन्स'साठी. दोन भागांचं, सहा तासांहून मोठं नाटक; त्यात ही एकमेव स्त्री, तीही दुसऱ्या भागात शेवटाकडे येणारी. अभिनयाचा टोनी इतक्या वयात त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता.