मदत हवी आहे: उकळूनही मेन्स्ट्रुअल कपचा वास जात नाही

कप सिलिकॉनचा आहे, कुठे चीर नाही, चिकटपणा नाही. पाळीत ८ तासांच्या आत रिकामा करते. आधी गार पाण्याने धुते, कारण गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठून चिकटून बसतं. मग बिनवासाचा सौम्य साबण. पाळी संपली की पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात ५ ते ७ मिनिटं उकळून, कोरडा करून सुती पिशवीत ठेवते. हवाबंद डब्यात कधीच नाही.

तरी काठाखालच्या बारीक छिद्रांपाशी वास राहतोच. कप पाण्याने भरून तोंडावर तळवा घट्ट दाबून पिळला, की दोन छिद्रांतून धार येते, उरलेल्या दोन्हींतून नुसते थेंब. मऊ ब्रशने घासून झालंय. सुई घालायची नाही, छिद्र फाटतं. व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट कपासोबतच्या सूचनांतच नको म्हटलंय.

खाज, ताप, वेगळा स्राव यातलं काही नाही. वास धुतलेल्या कोरड्या कपालाच येतो. स्वयंपाकघर सामायिक, त्यामुळे उकळणं पाळीत एकदाच जमतं.

छिद्रं आतून मोकळी करायला तुम्ही काय वापरता? आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून कप बुडवला तर सिलिकॉनला चालतं का, आणि किती वेळ?