विषय: स्ट्रोकला आता २४ तास मिळतात म्हणे, खरं का हे?

प्रेषक: नाना

मंडळी नमस्कार,

काल एक फॉरवर्ड आलाय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे पोचला असणार. पूर्वी स्ट्रोक आला की साडेचार तासांत हॉस्पिटल गाठावं लागायचं, आता नव्या संशोधनाने ती मुदत २४ तासांवर नेलीये, त्यामुळे रात्री-अपरात्री घाबरून पळापळ करू नका, पेशंटला झोपू द्या, तोवर एक अ‍ॅस्पिरिन द्या आणि दहाही बोटांची टोकं सुईने टोचून रक्त काढा, असं सगळं त्यात आहे. टोचण्याचं वाचून मला शंका आली, पण २४ तासांचं काहीतरी मीही कुठेतरी वाचलंय. मीरा, तू स्ट्रोकच्या क्लिनिकल ट्रायलवर काम करतेस ना, जरा सांगशील का यात खरं काय आणि खोटं काय? यादीवर आमच्या वयाची मंडळी बरीच आहेत.

– नाना

---

प्रेषक: मीरा

नाना, बरं झालं विचारलंत. टोचाटोचीला काडीचाही आधार नाही, ते सोडूनच द्या. २४ तासांचं मात्र खरं आहे, फक्त लिहिणाऱ्याने अर्धंच वाक्य उचललंय आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळं होतं.

जरा मागून सांगते. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे इंजेक्शन स्ट्रोकमध्ये उपयोगी पडतं हे १९९५ साली अमेरिकेतल्या एका ट्रायलने दाखवलं, तेव्हा मुदत ३ तासांची होती. २००८ मध्ये युरोपातल्या एकास-३ या ट्रायलने ती साडेचार तासांवर नेली. मग २०१५ साली पाच ट्रायल्स लागोपाठ छापून आल्या, त्यातली पहिली नेदरलँड्सची मिस्टर क्लीन, नाव खरंच असंच आहे, हसू नका. त्यांनी दाखवलं की मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून गुठळी ओढून बाहेर काढली की नुसत्या औषधापेक्षा कितीतरी जास्त लोक परत स्वतःच्या पायावर उभे राहतात. थ्रॉम्बेक्टमी म्हणतात ती हीच.

आता २४ तास आले ते २०१८ च्या दोन ट्रायल्समधून, डॉन आणि डिफ्यूज-३. डॉनमध्ये ६ ते २४ तासांतले पेशंट घेतले होते आणि तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक थ्रॉम्बेक्टमीच्या गटात ४९ टक्के निघाले, ती न केलेल्या गटात १३ टक्के. हा फरक एवढा मोठा होता की ट्रायल मध्येच थांबवली. पण त्यात पेशंट होते फक्त २०६, आणि ते कोणते, तर ज्यांची लक्षणं गंभीर होती पण स्कॅनमध्ये मेंदूचा मेलेला भाग छोटासाच दिसत होता. म्हणजे वाहिनी बंद, पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडं थोडं रक्त येत राहिल्याने बराचसा भाग अजून तग धरून होता. मेन पाइपलाइन फुटली तरी शेजारच्या बारीक नळाने टाकीत थोडं पाणी पडत राहावं, तसं. काहींचा हा शेजारचा नळ चांगला असतो, काहींचा नसतोच, आणि तुमचा कसा आहे ते बाहेरून कुणालाच कळत नाही, स्कॅन केल्यावरच कळतं. ज्यांचा भाग पाच-सहा तासांतच मेला ते डॉनमध्ये आलेच नाहीत. तेव्हा ४९ टक्के वाचून झोपायला जायचं नाही.

२००६ मध्ये जेफ्री सेव्हर यांनी हिशोब मांडला होता की मोठी वाहिनी बंद पडली की उपचार नसताना मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूच्या पेशी, जातात. आकडा सरासरी आहे, कुणाचे भराभर जातात कुणाचे हळू, पण २४ तासांच्या ट्रायल्सने तो खोटा ठरवलेला नाही. जे उशिरा पोचले त्यातल्या काहींसाठी अजून दार उघडं आहे एवढंच त्यांनी सांगितलं.

अ‍ॅस्पिरिनबद्दल तर विशेष करून. स्ट्रोक दोन प्रकारचे, गुठळीचा आणि रक्तस्रावाचा, बाहेरून दिसायला अगदी सारखे. रक्तस्राव असताना अ‍ॅस्पिरिन दिली तर तो वाढू शकतो. शिवाय गिळायला नीट येत नसेल तर गोळी, पाणी काहीही तोंडात घालू नका, श्वासनलिकेत जातं. तोंड एका बाजूला ओघळलं, हात वर धरता येत नाही, बोलणं जडावलं, एकदम तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एक जरी अचानक झालं तरी अँब्युलन्सला फोन, बस. आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही जायचं, कारण असा छोटा झटका येऊन गेल्यावर पुढच्या काही दिवसांतच मोठा यायची भीती सगळ्यात जास्त असते.

मीरा

---

प्रेषक: सुहास

> स्कॅन केल्यावरच कळतं

मीरा, मस्त लिहिलंयस, पण मला एक विचारायचंय. आमचे बाबा सकाळी उठले तेच हात लुळा पडलेला, म्हणजे कधी झालं ते माहीतच नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले वेळ माहीत नाही म्हणून इंजेक्शन देता येत नाही. याला बरीच वर्षं झाली. आताही असंच असतं का? आणि दुसरं म्हणजे नंतर नातेवाइकांपैकी प्रत्येकजण वेगळं सांगायचा, कुणी म्हणे पहिल्या दिवसापासून उठवून चालवा नाहीतर अंग कायमचं आखडेल, कुणी म्हणे डिप्रेशनची ती फ्लुओक्सेटिन गोळी सुरू करा त्याने हात लवकर सुटतो असं संशोधन आहे, आम्ही गोंधळून गेलो होतो. संशोधन तरी एकच काय ते का सांगत नाही?

सुहास

---

प्रेषक: मीरा

सुहास, झोपेतल्या स्ट्रोकचं चित्र खरंच बदललंय. २०१८ ची वेक-अप ट्रायल यासाठीच होती. एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांत फरक बघतात, एकात इजा दिसते आणि दुसऱ्यात अजून उमटलेली नसते, म्हणजे साधारण साडेचार तासांच्या आतलं प्रकरण असावं. अशा लोकांना अल्टेप्लेज दिलं तर ५३ टक्के चांगले बरे झाले, प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली इंजेक्शनवर, ४२ टक्के. मेंदूतला रक्तस्राव मात्र औषधाच्या गटात थोडा जास्त झाला, तेही सांगायला हवं. म्हणून आता "वेळ माहीत नाही" एवढ्यावर विषय संपायला नको, स्कॅनबद्दल विचारायचं.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, जरा लांबण लावते. अ‍ॅव्हर्ट नावाची मोठी ट्रायल झाली, २०१५ मध्ये निकाल आला, पाच देशांतले २१०४ पेशंट. एका गटाला पहिल्या २४ तासांतच उठवून दिवसातून अनेकदा, जास्त वेळ बसवलं, उभं केलं, चालवलं, दुसऱ्याला त्या त्या हॉस्पिटलच्या नेहमीच्या पद्धतीने. सगळ्यांची अपेक्षा होती की पहिला गट पुढे जाणार. झालं उलटं, तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत पहिल्या गटात ४६ टक्के आणि दुसऱ्यात ५०. याचा अर्थ पेशंटला आठवडाभर झोपवून ठेवा असा नाही हं, दुसऱ्या गटातलेही बरेचसे पहिल्या दिवसातच उठत होते, फरक पडला तो जोर किती लावला याने. पहिल्या दिवशी थोडं थोडं, मग वाढवत न्यायचं. तुमचे नातेवाईक आणि त्यांच्या समोरचे, दोघांनाही यात आपापलं खरं केल्याचं समाधान मिळेल.

फ्लुओक्सेटिनची गोष्ट जास्त बोधक आहे. २०११ मध्ये फ्रान्सच्या फ्लेम ट्रायलमध्ये ११८ पेशंट होते आणि गोळी घेणाऱ्यांचे हातपाय जास्त सुधारले असं दिसलं. सगळीकडे उत्साह, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर द्यायलाही लागले, तुम्हाला सांगणाऱ्याने हेच वाचलं असणार. मग ब्रिटनमध्ये फोकस ट्रायल झाली, ३१२७ पेशंट, सहा महिने गोळी, आणि रोजच्या जगण्यातल्या स्वावलंबनात काही फरक नाही. डिप्रेशन कमी झालं पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. स्वीडनमध्ये आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड-व्हिएतनाममध्ये तसंच करून बघितलं, तिथेही मुख्य उत्तर तेच. तेव्हा संशोधन एकच काय ते सांगत नाही असं नाही, ते सांगतं पण सात-आठ वर्षांनी, आणि पहिली बातमी जेवढी पसरते तेवढी दुसरी पसरत नाही. मला विचाराल तर फोकससारख्या "काही फरक नाही" निघालेल्या ट्रायल्सचं आपण कौतुकच करत नाही, हजारो लोकांची हाडं वाचली की.

बाबांच्या हाताबद्दल. बरीच वर्षं झाली म्हणून आता काही होणार नाही असं हल्ली कुणी छातीठोकपणे म्हणत नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये एक ट्रायल आली, मानेतल्या व्हेगस नर्व्हला छोटं यंत्र बसवायचं आणि हाताचा व्यायाम करताना त्याच क्षणी त्यातून हलका विजेचा झटका द्यायचा. १०८ लोक, स्ट्रोक होऊन ९ महिने ते १० वर्षं झालेले. यंत्र सगळ्यांनाच बसवलं पण निम्म्यांचं खऱ्या अर्थाने चालू केलंच नाही, हे मला फार प्रामाणिक वाटलं. लक्षात येण्यासारखी सुधारणा ४७ टक्क्यांत, नुसत्या व्यायामाच्या गटात २४ टक्क्यांत. म्हणजे नुसत्या नेटाच्या व्यायामानेही चौथा हिस्सा लोक सुधारले, हे बातम्यांत कुणी लिहिलं नाही. हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असायला लागते, आणि ऑपरेशन आलं, तेव्हा बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोला.

मीरा

---

प्रेषक: सुनंदा

मीरा बाळ, सगळं वाचलं, निम्मं कळलं. मी एकटी असते, बीपीची गोळी घरात आहेच. असं काही वाटलं आणि मशीनवर बीपी २०० दाखवलं तर एक जास्तीची गोळी घेऊन मग फोन करायचा ना?

सुनंदाकाकू

---

प्रेषक: मीरा

नाही काकू, आधी फोन. जास्तीची गोळी घ्यायचीच नाही.

हे मी आपलं सावधगिरी म्हणून सांगत नाहीये, याची अगदी नेमकी ट्रायल झालीये. चीनमध्ये २४०४ पेशंटवर, अँब्युलन्समध्येच, निम्म्यांचं बीपी लगेच उतरवायला सुरुवात केली आणि निम्म्यांचं हॉस्पिटलला पोचल्यावर बघितलं, इंटरॅक्ट-४ नाव, २०२४ मध्ये छापली. एकूण निकाल शून्य. पण आत बघितलं तर रक्तस्रावाच्या स्ट्रोकवाल्यांना फायदा झाला होता आणि गुठळीवाल्यांना तोटा, दोन्ही मिळून बरोबरीत सुटले. गुठळी असताना ते वाढलेलं बीपीच उरलेल्या भागाला रक्त पोचवत असतं. आता तुमचा कुठला ते घरी बसून तुम्हाला किंवा मला कसं कळणार?

रक्तस्राव आहे हे स्कॅनवर एकदा नक्की झालं की मात्र बीपी तासाभरात खाली आणणं, साखर, ताप, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवणं, हे सगळं एकदम केलं की फायदा होतो, हे २०२३ च्या इंटरॅक्ट-३ ने दहा देशांतल्या ७०३६ पेशंटवर दाखवलंय. बरीच वर्षं या प्रकारात फारसं काही हाती नव्हतं म्हणून हे महत्त्वाचं.

एक काम करा काकू, रोज सकाळी कुणाशी तरी बोलणं होतंच ना तुमचं, ते चालू ठेवा. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न "शेवटचं ठीकठाक कधी बघितलं" हाच असतो, त्यावरून पुढचं सगळं ठरतं. आणि घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी दाराजवळ, त्यात रक्त पातळ करणारी असेल तर ती सगळ्यात वर, ठळक.

मीरा

---

प्रेषक: सुहास

एक शेवटचं. इंजेक्शनही नवीन आलंय म्हणतात, टेनेक्टेप्लेज, ते या २४ तासांशी जोडलेलं आहे का? आणि अल्झायमरच्या त्या औषधाने आजार २७ टक्के कमी होतो असं आईच्या ग्रुपवर फिरतंय, मावशीसाठी विचारतोय, तिला आता आम्ही कोण तेही ओळखू येत नाही.

सुहास

---

प्रेषक: मीरा

टेनेक्टेप्लेजचा मुख्य फायदा सोय हा आहे. अल्टेप्लेजला थोडं एकदम आणि बाकीचं तासभर ड्रिपमधून द्यावं लागतं, हे एका झटक्यात देता येतं, त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं असेल तर खोळंबा होत नाही. कॅनडात १५७७ पेशंटवर २०२२ मध्ये दोन्ही जवळपास सारखी ठरली आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, स्ट्रोकसाठी मान्यता दिली. २४ तासांपर्यंत देऊन बघितलेल्या २०२४ च्या दोन ट्रायल्स मात्र वेगवेगळं सांगतात. जिथे बहुतेकांची थ्रॉम्बेक्टमी झालीच तिथे वेगळा फायदा दिसला नाही, आणि चीनमध्ये जिथे थ्रॉम्बेक्टमी मिळणार नव्हती तिथे दिसला, ३३ टक्के विरुद्ध २४. हेही सगळे स्कॅन बघून निवडलेलेच. नानांचा फॉरवर्ड बहुधा इथूनच निघालाय.

मावशींचं वाईट वाटलं रे. ते औषध लेकॅनेमॅब. ट्रायलमध्ये १७९५ जण होते, सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले, विसरायला लागलेत पण स्वतःचं बरंचसं करतायत असे. २७ टक्के म्हणजे आजार कमी झाला असं नाही, दीड वर्षात दोन्ही गट खालीच गेले, औषधाचा गट थोडा हळू. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ चा. आठाजणांत एकाला स्कॅनवर मेंदूला सूज दिसली, बहुतेकांना त्रास झाला नाही पण काहींना झाला, म्हणून मध्ये मध्ये एमआरआय करत राहावे लागतात. ज्यांच्यात अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जीनच्या दोन्ही प्रती आहेत त्यांच्यात तर जवळजवळ तिघांत एक.

मावशींच्या टप्प्यातलं कुणी त्या ट्रायलमध्ये नव्हतंच, त्यामुळे त्यांच्यासाठी हा आकडा लागूच होत नाही. आईला फोनवर सांगायचं असेल तर मी बोलते त्यांच्याशी, शनिवारी मोकळी आहे.

मीरा