तीन गुणांनी गेलेला सामना : हॉथॉर्न नेमके कुठे कमी पडले?

फोंड्याचा हॉक

नमस्कार. गेल्या शुक्रवारी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, अ‍ॅडलेड ओव्हलवर पोर्ट अ‍ॅडलेडने मेलबर्नच्या हॉथॉर्नला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या बाद फेरीत ७५–७२ असे हरवले आणि ज्या संघासाठी मी वर्षभर शनिवार-रविवारची कामे मागे-पुढे केली, त्या संघाचा हंगाम तिथेच संपला. चार दिवस झाले तरी हा पराभव मनातून जात नाही, म्हणून हा खेळ पाहणाऱ्या आपल्यातल्या मोजक्या मंडळींसमोर प्रश्न मांडतो आहे.

आमच्याकडे सात दिवसांचा गणपती असतो. सामना आपल्या वेळेनुसार दुपारी तीननंतर सुरू झाला आणि शेवटचे क्वार्टर नेमके उत्तरपूजेच्या सुमारास आले. आत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीची, फळे उतरवणे चालले होते, अंगणात घुमट आणि शामेळ ही वाद्ये घेऊन मुले तयार होती आणि मी तुळशीपाशी मोबाइल हातात धरून उभा होतो. सामना संपल्याचा सायरन वाजल्यावर माझा चेहरा पाहून काकांनी जवळ येऊन विचारले की फोन कोणाचा होता आणि घरी सगळे बरे आहे ना. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की चार खांबांपैकी मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, म्हणजे ६ गुण, आणि बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. तेव्हा तीन गुणांचे अंतर म्हणजे अर्धा गोल. मोसमातले पहिले पाचही सामने हरलेला हा संघ पुढे १४ सामने जिंकून सातव्या क्रमांकावर आला, २०१८नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला आणि तिथे मेलबर्नच्या मैदानावर ९७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर वेस्टर्न बुलडॉग्सला त्याने ३७ गुणांनी हरवले. त्याच्या पुढच्याच आठवड्यात हे घडले. संघातले निक वॉटसन आणि कॅल्शर डिअर हे दोघे अवघे १९ वर्षांचे आहेत. मोठ्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत लागणारा धीर या वयाच्या मुलांकडे नव्हता, असे मला वाटते. आपले मत काय आहे?

मडगावचा जुना बचावपटू

तुमचे दुःख समजले, पण वयाचे कारण मला मान्य नाही. त्या दिवशी हॉथॉर्नला ज्याने सर्वांत जास्त छळले तो जेसन हॉर्न-फ्रान्सिस स्वतः २१ वर्षांचा आहे. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, एक वर्ष नॉर्थ मेलबर्नकडून खेळला आणि मग पोर्टकडे आला. गर्दीत चेंडू उचलायचा, अंगावर आलेला टॅकल खांद्याने झटकायचा आणि तीन पावलांत मोकळ्या जागेत यायचे, हे तो सामनाभर करत होता. एकीकडे २१ वर्षांचा मुलगा सामना खेचून नेतो आणि दुसरीकडे आपण मुले लहान होती म्हणून हरलो असे म्हणतो, हे मला पटत नाही.

मी आयुष्यभर आपला गोव्याचा फुटबॉल खेळलो, सेंटर बॅकला, त्यामुळे माझी नजर आधी चेंडू कुठून सुटतो तिकडे जाते. या खेळात प्रत्येक गोलनंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू हवेत उंच उडवतो, दोन उंच खेळाडू उडी मारून तो आपल्या माणसांकडे थापटतात आणि तिथून जो संघ चेंडू घेऊन बाहेर पडतो त्याच्या पुढच्या फळीला समोर मोकळे रान मिळते. हॉथॉर्नचे या वर्षीचे सौंदर्य हे की बचावात चेंडू मिळाला की ते तो आडवा-तिरपा फिरवत, एकामागून एक मार्क घेत, म्हणजे लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलत, वाऱ्यासारखे पुढे जातात. परंतु चेंडू वारंवार गर्दीत अडकू लागला, दर दोन मिनिटांनी नवी झटापट सुरू झाली, तर त्या वेगाचा उपयोग उरत नाही. पोर्टने सामना तशा झटापटींचा करून टाकला आणि मला दिसले त्याप्रमाणे हॉथॉर्नला त्यातून बाहेर पडण्याची दुसरी वाट सापडली नाही.

इथे हॉथॉर्नच्या विल डेची अनुपस्थिती मोजली पाहिजे. कॉलरबोनच्या दुखापतीमुळे तो बाद फेरीत खेळूच शकला नाही. उंच, लांब ढांगा टाकणारा आणि घाईत असतानाही डोके वर ठेवून पास देणारा असा मध्यफळीतला दुसरा खेळाडू त्यांच्याकडे नाही. बुलडॉग्सविरुद्ध त्याची उणीव झाकली गेली, पण पोर्टविरुद्ध ती उघडी पडली.

म्हापशाची वाचक

मी अकरा वर्षे मेलबर्नला नोकरीनिमित्त राहिले आणि या खेळाचे वेड तिथेच लागले. बचावपटूबाबांनी मध्यफळीविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे. मात्र माझ्या मते हा सामना सप्टेंबरमध्ये हरला गेलाच नाही. तो मार्च-एप्रिलमध्ये हरला गेला.

बाद फेरीची रचना पाहा. २०२४च्या नियमानुसार अठरा संघांपैकी पहिले आठ पुढे जात होते, पण आठांना समान वागणूक मिळत नव्हती. पहिल्या चारांत आलेला संघ पहिल्या आठवड्यात हरला तरी त्याला आणखी एक संधी मिळते, आणि तीही स्वतःच्या गावी. पाचव्या ते आठव्या क्रमांकावरच्या संघाला मात्र एकही पराभव परवडत नाही. पोर्ट दुसऱ्या क्रमांकावर होते. ५ सप्टेंबरला याच अ‍ॅडलेड ओव्हलवर जिलॉन्गने त्यांना ८४ गुणांनी धुऊन काढले. आपल्याच प्रेक्षकांसमोर ८४ गुणांनी हरलेला संघ आठ दिवसांनी पुन्हा त्याच मैदानावर, त्याच प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि पुढे गेला, आणि ३ गुणांनी हरलेला संघ विमानाने घरी परतला. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण पोर्टने ती संधी वर्षभर जिंकून कमावली होती. पण ज्या संघाने पहिले पाच सामने गमावले, त्याने सप्टेंबरमधली ही संधी तेव्हाच गमावली होती.

आता हिशोब करा. हॉथॉर्नचे १४ विजय आणि ९ पराभव होते. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरच्या जिलॉन्ग आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी या संघांचे प्रत्येकी १५ विजय होते, म्हणजे अंतर एका सामन्याचे होते. आणि फोंडेकरबाब, तुम्हाला आठवत असेल, मे महिन्यात याच मैदानावर, याच पोर्टविरुद्ध, शेवटच्या क्षणांत झालेल्या गोलमुळे हॉथॉर्न एका गुणाने हरले होते. तो एक गुण मला शुक्रवारच्या तीन गुणांपेक्षा जास्त सलतो.

मैदानाचाही थोडा विचार व्हावा. आपण सारे अ‍ॅडलेड ओव्हल क्रिकेटमुळे ओळखतो, डिसेंबर २०२०मध्ये भारताचा डाव ३६ धावांत आटोपला ते हेच. हे मैदान लांब आणि चिंचोळे आहे, तर मेलबर्नचे त्या मानाने रुंद. हॉथॉर्नला चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेऊन प्रतिस्पर्ध्याला पळवायचे असते आणि त्यासाठी रुंदी लागते. ती तिथे मिळत नाही.

डिचोलीकर

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी लिहितो. सामन्याच्या आठवड्यात हॉथॉर्नच्या जॅक गिनिव्हनने समाजमाध्यमावर पुढच्या फेरीत वाट पाहणाऱ्या सिडनी संघाच्या खेळाडूला उद्देशून पुढे भेटूच अशा अर्थाची प्रतिक्रिया लिहिली, म्हणजे पोर्टशी खेळण्याआधीच पोर्टला ओलांडून टाकले. सामना संपल्यावर पोर्टचे प्रशिक्षक केन हिंक्ले यांनी भर मैदानात त्याला त्याची आठवण करून दिली आणि त्याबद्दल त्यांना २० हजार डॉलरचा दंड झाला. प्रशिक्षकाने एकवीस वर्षांच्या खेळाडूशी असे वागणे शोभणारे नव्हते, यात शंका नाही. पण ८४ गुणांनी हरून मान खाली गेलेल्या संघाला चेतवण्यासाठी काही तरी हवे असते आणि ते आपण होऊन हातात द्यायचे नसते.

तरीही त्यामुळे सामना गेला असे मी म्हणणार नाही. २० डिसेंबर २०१५ रोजी इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्याला मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये होतो. एफसी गोवाने ८७व्या मिनिटाला २–१ अशी आघाडी घेतली, शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला, आणि त्यानंतर काही मिनिटांतच चेन्नईयनने ३–२ असा करंडक नेला. त्या रात्री मडगावात प्रत्येक जण वेगळे कारण सांगत होता, कोणी स्वयंगोल म्हणत होता, कोणी बदली खेळाडू, कोणी नशीब. इतक्या कमी अंतराचा पराभव एका कारणाने समजावता येत नाही, कारण त्या दिवसातली कुठलीही एक गोष्ट वेगळी झाली असती तर निकाल उलटला असता. म्हापशाच्या ताईंचा मे महिन्याचा हिशोब मला म्हणूनच अधिक भक्कम वाटतो. एका सामन्यात दैव असते, तेवीस सामन्यांत ते फारसे उरत नाही.

फोंड्याचा हॉक

सर्वांचे आभार. वयाचा मुद्दा मी मागे घेतो. हॉर्न-फ्रान्सिसचे उदाहरण दिल्यावर तो टिकत नाही. मेलबर्नला असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीशी काल बोललो, तर तीही पहिल्या पाच सामन्यांवरच बोट ठेवत होती. एप्रिलमध्ये प्रशिक्षक सॅम मिचेल यांना बदला असे म्हणणारे लोक तिच्या कार्यालयातही होते म्हणे, आणि आज तेच लोक त्यांचे नाव आदराने घेतात. खेळाडू म्हणून मिचेल हॉथॉर्नच्या २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ या चारही विजेत्या संघांत होते, पैकी २००८मध्ये कर्णधार होते. खेळाडूंना झटापटीतून चेंडू काढणे शिकवायला त्यांच्याशिवाय दुसरा कोणी नको, कारण त्या कामात स्वतः ते आपल्या काळातल्या उत्तमांपैकी एक होते. म्हणूनच मला हे जास्त लागते की त्यांचाच संघ त्याच कामात मागे पडला.

माझी एक शंका मात्र उरते. विल डे नसताना, दुसऱ्या अर्धात वॉटसन किंवा डिलन मूर यांपैकी एकाला काही काळ मध्यफळीत जास्त वापरता आले नसते का? पुढची फळी थोडी दुबळी झाली असती, पण तिथे चेंडूच पोहोचत नसेल तर तिथे तिघे उभे करून काय उपयोग? मी येत्या रविवारी सामना पुन्हा, या वेळी पूर्ण आणि शांतपणे, पाहणार आहे. बचावपटूबाब, कशावर लक्ष ठेवावे ते सांगा.

मडगावचा जुना बचावपटू

चेंडूवर लक्ष ठेवू नका, कॅमेरा ते काम करतोच. पंच चेंडू उडवतो त्याआधीच्या चार-पाच सेकंदांत घोळक्याच्या, हॉथॉर्न राखत असलेल्या गोलच्या बाजूला, दहा-बारा पावलांवर, हॉथॉर्नचा कोणी उभा आहे का ते पाहा. तो माणूस जागेवर असेल तर हॉर्न-फ्रान्सिस बाहेर पडला तरी त्याला पहिली लाथ घाईत मारावी लागते. मी दोनदा पाहिले आणि वही घेऊन बसलो होतो, पण माझी नोंद तुम्हाला आधी सांगत नाही. तुम्ही तुमची करा, मग दोन्ही इथे शेजारी ठेवू. वॉटसनला आत आणण्याविषयीची तुमची शंकाही त्या नोंदीवरून सुटेल, कारण त्या रिकाम्या जागेत उभे राहायला वेग लागतो आणि तो त्याच्याकडे आहे.