टिंट, शेड, टोन : तिन्हींना ‘छटा’च?

पारवा : पुतणी पुण्यात चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या पोस्टर कलरच्या पट्ट्या रंगवणं चालू आहे. एकच निळा घ्यायचा; एका पट्टीत पांढरा वाढवत न्यायचा, दुसरीत काळा, तिसरीत करडा. वर्गात टिंट, शेड, टोन म्हणतात. जर्नल मराठीत लिहायचंय, पण तिला मिळालेल्या नोट्समध्ये तिन्हीकडे ‘छटा’. वेगळे शब्द आहेत का?

विटकरी : आहेत की, लक्ष्मी रस्त्यावर! ब्लाउजपीससाठी मॅचिंग सेंटरमध्ये उभ्या राहा. ‘यात जरा फिका दाखवा’, ‘नको, याहून गडद’, ‘हा मळकट वाटतो’. झाले तिन्ही. ‘मळकट’ला नाक मुरडू नका, करडा मिसळला की रंगाचं तेज उतरतं, नेमकं तेच. जर्नलात फारच खटकलं तर ‘मंद’ लिहा.

मात्र ‘फिका’ आणि ‘विटका’ एक नव्हेत. विटका म्हणजे उन्हाने, धुण्याने गेलेला. त्यात पांढरा कुणी मिसळलेला नसतो. ‘भडक’ म्हणजेही गडद नव्हे. पिवळा भडक असतो आणि तरी उजळच असतो. रंग किती उजळ आणि रंगाला किती जोर, ही दोन वेगळी मापं. अमेरिकन कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी ती वेगळी मांडली, आणि तिसरं माप रंगाच्या कुळाचं : लाल, पिवळा, हिरवा वगैरे. आपले लालभडक, पिवळाधमक जोर सांगतात. निळाशार, हिरवागार यांचं तसं नाही. हिरवागार शेत असतं, हिरवागार शर्ट कुणी म्हणत नाही. तेव्हा असले शब्द पट्टीखाली लिहू नयेत.

गच्चीवाला : थोडं अवांतर. याच मुलांना पुढे सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळं चित्र उमटवणं, करायला लावतात, तिथे हे शब्द पुन्हा अडतील. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण मंद उजेडात कागदाला फासायचं, वाळवायचं, वर कढीपत्त्याची डहाळी, तिच्यावर काच, आणि गच्चीत उन्हात. कागद राखाडी पडला की पाण्याखाली धरायचा. निळ्यावर पांढरी डहाळी उमटते. जॉन हर्शेल यांची १८४२ची रीत. कॅमेरा नाही, लेन्स नाही. ‘छायाचित्र’ हा शब्द मला इथेच शब्दशः खरा वाटतो. (पुण्याच्या पावसाळ्यात मात्र उन्हासाठी ताटकळावं लागतं.)

पारवा : पण सावली पांढरी कशी?

गच्चीवाला : डहाळीखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तिथलं द्रावण तसंच राहिलं आणि पाण्यात वाहून गेलं. उरला कोरा कागद. कोवळी पानं थोडं ऊन आत सोडतात, तिथे फिकट निळं येतं.

पारवा : मग त्याला टिंट म्हणायचं? पांढरा तर मिसळलाच नाही.

विटकरी : कागदाचा पांढरा आहे ना! जलरंगात पाणी वाढवून हेच करतो. ‘फिका निळा’ बिनधास्त लिहू दे. तोच कागद चहाच्या पाण्यात ठेवला तर निळा काळपट होतो आणि कागद पिवळसर. तिथे ‘गडद’ लिहायचं की ‘मळकट’, ते तिने प्रिंट हातात घेऊन ठरवावं. आणि पट्ट्यांखाली टिंट, शेड, टोनही राहू देत, परीक्षक तेच शोधतात.